ऑर्डरीची वेबसाइट ठेवायची कुठं?

पापड-मसाल्याच्या ऑर्डरी घेणारी वेबसाइट पुतण्यानं किंवा भाच्यानं करून दिली, की गटापुढं प्रश्न येतो: आता ही ठेवायची कुठं? कुणी म्हणतं, क्लाउडवर टाका. क्लाउड म्हणजे ढग खरा, पण ढगात काही नसतं बरं का. मोठ्या इमारतींत रात्रंदिवस चालणारे कंपन्यांचे संगणक असतात, त्यातला तुकडा आपण भाड्यानं घेतो. मायक्रोसॉफ्टची अशी केंद्रं आपल्या पुण्यात आहेत, ॲमेझॉनची २०१६ पासून मुंबईत. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर केंद्रही जवळचं निवडावं, म्हणजे पान लवकर उघडतं. खातं उघडताना कधी कधी परदेशातलं केंद्र आधीच निवडलेलं असतं, तेवढं बघून घ्या.

त्याआधी एक विचारते. महिन्याला वीस-पंचवीस ऑर्डरी असतील तर त्या व्हॉट्सॲपवर निभतात. उगाच भाडं कशाला?

ऑर्डरी वाढल्या असतील तर दोन वाटा आहेत. लग्नासाठी मोकळं मैदान घेतलं, तर मंडप, आचारी, भांडी, पाणी सगळं आपण बघायचं. मंगल कार्यालय घेतलं तर पैसे जास्त, पण बरीचशी व्यवस्था तयार. क्लाउडचंही तसंच. नुसता सर्व्हर स्वस्त पडतो, पण त्याची डागडुजी आणि सुरक्षा आपल्या गळ्यात. दुसऱ्या प्रकारात आपला प्रोग्रॅम द्यायचा, चालवायचं काम कंपनी करते. ज्या गटात रोजचा जाणकार नाही, त्यानं माझ्या मते दुसरी वाट धरावी.

फुकट मिळतंय म्हणून भुलू नका. हेरोकू नावाची सेवा वर्षानुवर्षं फुकट जागा द्यायची, ती तिनं नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केली. शिवाय काही फुकटच्या जागांवर थोडा वेळ कुणी फिरकलं नाही की वेबसाइट झोपी जाते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ती जागी होईपर्यंत ताटकळावं लागतं.

बिलही दोन तऱ्हांचं असतं: ठरावीक मासिक भाडं, नाहीतर विजेच्या मीटरसारखं वापरावर. मीटरवालं घेतलंत तर खर्चाची सूचना लावून ठेवा. पण नीट ऐका, बहुतेक ठिकाणी ती सूचना नुसता निरोप देते, मीटर बंद करत नाही. दिवाळीच्या तोंडावर हिशेब ठेवणाऱ्या ताईंना ठरावीक भाडं सोयीचं पडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खातं कुणाच्या नावावर आहे? वेबसाइट करणाऱ्या मुलाच्या ईमेलवर, त्याच्याच मोबाइलवर ओटीपी, असं असेल तर त्याला उद्या बंगळुरूला नोकरी लागली आणि नंबर बदलला की गटाच्या हाती काय राहिलं? वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, दर वर्षी नाही तर काही वर्षांनी नव्यानं भरावं लागतं. ते भरायचं राहिलं तर नावही जातं. म्हणून गटाचा वेगळा ईमेल काढा आणि खातं, डोमेन दोन्ही त्यावर घ्या. ओटीपीचा मोबाइल गटाचा असू द्या, पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे ठेवा. मुलाला काम करण्यापुरता वेगळा प्रवेश देता येतो, त्यात त्याचा अपमान नाही.

गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर आपण साठवतो. ते जपायची जबाबदारी २०२३ च्या कायद्यानं साठवणाऱ्यावरच टाकली आहे. आणि माहितीची प्रत दुसरीकडं ठेवाच. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या बड्या कंपनीच्या केंद्राला आग लागली, ज्यांची प्रत दुसरीकडं नव्हती अशा कितीतरी जणांचा डेटा कायमचा गेला. आपली प्रत आठवड्यातून एकदा गटाच्या संगणकावर उतरवा, आणि दसऱ्याच्या आधी त्या मुलाला समोर बसवून त्या प्रतीवरून सगळ्या ऑर्डरी परत उभ्या राहतात का, ते एकदा करून बघा.