रिफ्लेक्टर आणि चौथा घात

कर्वेनगरच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे: मुलीच्या नव्या सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर आहेच, मग ती संध्याकाळी क्लासहून येते म्हणून वेगळा दिवा खरंच लागतो, की दुकानदार उगाच गळ्यात मारतोय?

दुकानदाराची बाजू घ्यायची वेळ क्वचितच येते, इथे घेतो. पण आधी त्या रिफ्लेक्टरचं कौतुक.

कॅरममध्ये स्ट्रायकर कोपऱ्यालगतच्या दोन्ही कडांवर आपटला, की आलेल्या वाटेला समांतर परत फिरतो, कोन कुठलाही असो. (भोक तेवढं विसरा.) या दोन कडांना काटकोनात तिसरी जोडली की रिफ्लेक्टरमधला एक कोपरा तयार. लाल प्लास्टिकच्या पाठीवर असे बारीक कोपरे दाटीवाटीने बसवलेले असतात. अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी 1969 मध्ये असेच शंभर काचेचे कोपरे चंद्रावर ठेवले. चंद्र वर्षाला 3.8 सेंटिमीटर दूर सरकतो, हे अशाच कोपऱ्यांवर लेझर मारून मोजलं गेलं. आपल्या विक्रम लँडरवरही नासाचा आठ कोपऱ्यांचा, जेमतेम पाच सेंटिमीटरचा रिफ्लेक्टर आहे. 12 डिसेंबर 2023 रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने शंभर किलोमीटरवरून त्याच्यावर लेझर सोडला आणि उजेड परत आला!

गंमत म्हणजे सायकलचा रिफ्लेक्टर इतका अचूक केला तर बिनकामाचा ठरेल. सगळा उजेड हेडलाइटकडेच परत जाईल आणि त्याच्या वर बसलेल्या चालकाच्या डोळ्यांना काही दिसणार नाही. म्हणून तो मुद्दाम जरासा चुकवलेला असतो. तरी परतीचा झोत अरुंदच. स्कूटरवाल्याचे डोळे दिव्याच्या जवळ असतात, बस ड्रायव्हरचे बरेच वर. तोच रिफ्लेक्टर बसमधून अधिक मंद दिसतो. रस्त्यावरच्या खांबाचा उजेडही मुख्यतः खांबाकडेच परततो. गल्लीतून आडव्या येणाऱ्या गाडीचा झोत तर त्याच्यावर पडतच नाही.

खरी मेख अंतराची. अंतर दुप्पट झालं की दिव्याचा उजेड एक चतुर्थांश होतो. रिफ्लेक्टरला ही घट दोनदा सोसावी लागते, जाताना आणि येताना, म्हणून उरतो एक सोळांश. तासाला 50 किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला जवळजवळ 14 मीटर कापते, त्यामुळे चालकाला आपण लांबूनच दिसायला हवं. नेमका तिथेच रिफ्लेक्टर दुबळा.

त्यात पुण्याचा पाऊस. प्लास्टिकमागे हवा असते म्हणून उजेड आतल्या आत परततो. समोरून आलेला किरण त्या कोपऱ्यांवर साधारण 55 अंशांनी आपटतो; मागे हवा असेल तर 42 अंशांपुढे पूर्ण परावर्तन होतं, पाणी असेल तर सुमारे 63 अंश लागतात. म्हणजे तडा जाऊन पाणी शिरलं की उजेड मागच्या मागे निसटतो. पुढून रिफ्लेक्टर छान लाल दिसतो, पण तो मेलेला असतो.

केंद्राने 2020 मध्ये सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता आदेश काढला, हे बरंच झालं. पण याच पुण्यात एकेकाळी बिनदिव्याची सायकल पोलीस अडवत, आणि आज हजारोंची गिअरची सायकल दिव्याविना, मडगार्डविना विकली जाते!

दिवा घेताना खोक्यावरच्या ल्युमेनच्या आकड्यांना भुलू नका. रस्त्यावर लाल लेझरच्या रेघा मारणारे दिवे मला तरी खेळणी वाटतात. मागच्या गाडीच्या झोतात त्या रेघा फिक्या पडतात. लुकलुकणारा दिवा लक्ष चटकन वेधतो, पण सायकल किती लांब आहे याचा अंदाज स्थिर दिव्यावरून नीट येतो. जर्मनीत सायकलला लुकलुकणारा दिवा चालतच नाही. मी स्थिर घेईन, कॅरिअरखाली पक्का बसवेन आणि दप्तराने किंवा ओढणीने तो झाकला जात नाही ना, हे पाहीन.

आणि पेडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर काढू देऊ नका. स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी 1973 मध्ये दाखवलं, की अंधारात सांध्यांवरचे थोडे ठिपके हलताना दिसले तरी माणूस चालतोय हे आपण क्षणात ओळखतो. वरखाली होणारे दोन ठिपके म्हणजे पाय, हे मागच्याला सांगावं लागत नाही. पेडलला नसतील तर घोट्यांना चमकत्या पट्ट्या बांधल्या तरी चालतात. हेल्मेटपेक्षा खूपच स्वस्त मिळतात.