सूतभर नव्हे, केसाहून बारीक

मंगरूळपीरच्या गॅरेजमध्ये किंवा सुताराच्या दुकानात माप सुतात बोलले जाते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या जरासे वर. ट्रॉलीचा फाळका बसवायला तेवढी अचूकता पुरते. पण इथली आयटीआय झालेली मुले शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग धरतात आणि वाळूज-शेंद्र्याच्या वसाहतींत काम शोधतात. तिथे माप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात चालते. आता तर सुटे भाग जोडण्याच्या कामात ‘डिजिटल ट्विन’ नावाचा जुळा भाऊ आला आहे. घरोघरी अम्मी-अब्बांचा प्रश्न एकच असतो: मग आमच्या फिटरचे काय?

आधी हा जुळा समजून घेऊ. ही कल्पना 2002 साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात मायकेल ग्रीव्ह्ज यांनी मांडली. खऱ्या वस्तूची संगणकात एक जोडीदार प्रतिमा ठेवायची. हे नुसते चित्र नव्हे. खऱ्या भागाचे मोजमाप बदलले की प्रतिमाही बदलते.

उदाहरण घेऊ. 25 मिलिमीटरच्या छिद्रात दांडा फिरवायचा आहे. प्रचलित मानकानुसार छिद्र 25.000 ते 25.021 आणि दांडा 24.980 ते 24.993 मिलिमीटर चालतो. दोन्ही भाग पास, तरी जोडीतली फट कुठे 7 मायक्रॉन, तर कुठे 41. म्हणजे एक जोडी घट्ट, दुसरी सैल. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज यावा. प्रत्येक भागाचे माप संगणकात असेल, तर मोठ्या छिद्राला मोठा दांडा आणि लहानाला लहान अशी जोडी लावता येते. फट 20 ते 28 मायक्रॉनमध्ये येते. एकही भाग फेकावा लागत नाही! अशी निवड जुने कारागीरही करत. पण ते भाग तीन-चार ढिगांत वाटून थांबत. संगणक एकेका भागाचा हिशेब ठेवतो.

मात्र हा हिशेब मापावर उभा आहे, आणि आमच्या मते फिटरची खरी जागा तिथेच आहे. मोजणीचे मान्य तापमान 20 अंश. आपल्याकडे मे महिन्यात शेडमध्ये पारा 42 वर गेला, तर मीटरभर लांबीचे पोलाद सुमारे 250 मायक्रॉन वाढते. पाव मिलिमीटर! कुणी तापलेला भाग तसाच मोजून आकडा भरला, तर संगणकातला जुळा बिनतक्रार खोटे बोलू लागतो. भाग थंड होऊ द्यायचा, मायक्रोमीटर शून्यावर आहे का पाहायचे, दाब किती द्यायचा हे ओळखायचे, ही समज हातात मुरावी लागते. नुसते नट आवळण्याची कामे कमी होतील, हे मात्र आम्ही लपवणार नाही.

ही कामे मुलींनाही उत्तम जमतील, असे आम्हाला वाटते. शिवणकामात माप चुकू न देण्याची सवय त्यांना असतेच. तेव्हा प्रवेश घेताना अब्बांनी फी विचारावी, होस्टेल विचारावे, आणि हेही विचारावे की मायक्रोमीटर प्रत्येकाच्या हातात येतो का, की तो कपाटात कुलूपबंदच असतो?