विश्लेषण : शहरातले घर विकून गावात भाड्याने राहताय? करसवलतीची मुदत थांबत नाही!

डोंबिवली-ठाण्यातला जुना फ्लॅट विकायचा, कोकणात वर्षभर भाड्याने राहून बघायचे आणि जमले तर तिथेच घर घ्यायचे. निवृत्तीला आलेल्या अनेक जोडप्यांचा हा बेत असतो. बेत शहाणपणाचाच. मे महिन्यात विहिरीला पाणी किती राहते, जुलैत कौले कुठे गळतात, हे स्वतःच्या घरापेक्षा भाड्याच्या घरात कळलेले बरे! मात्र फ्लॅटची विक्री झाली, त्याच दिवशी करसवलतीची मुदत सुरू होते.

मुदत किती?

दोन वर्षांहून अधिक काळ मालकीचे असलेले घर विकल्यास नफ्यावर दीर्घकालीन भांडवली नफा कर लागतो. नफा ४० लाख असेल तर १२.५ टक्के दराने ५ लाख, वर सेस. (घर २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेले असेल तर महागाई निर्देशांकासह २० टक्के हा पर्यायही तपासता येतो.) विक्रीपासून २ वर्षांत दुसरे घर घेतले किंवा ३ वर्षांत बांधले, तर नफ्याची जेवढी रक्कम त्यात गुंतवली तेवढ्यावर कर लागत नाही. नुसता प्लॉट घेऊन ठेवला तर ही सवलत नाही.

पैसे तोवर कुठे ठेवायचे?

गफलत होते ती इथे. विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपर्यंत, म्हणजे नोकरदार-पेन्शनरांसाठी साधारण ३१ जुलैपर्यंत, घर घेतले नसेल तर उरलेला नफा ‘कॅपिटल गेन्स अकाउंट’मध्ये भरावा लागतो. साध्या एफडीत ठेवलेला पैसा चालत नाही. एप्रिलमध्ये घर विकणाऱ्याला यासाठी १५ महिने मिळतात, फेब्रुवारीत विकणाऱ्याला जेमतेम ५. शिवाय हे खाते बँकांच्या ग्रामीण शाखांत उघडता येत नाही. त्यामुळे गावी जाण्याआधीच शहरातल्या शाखेत हे काम उरकावे.

भाडेकराराचे काय?

‘११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ग्रामीण भागात नोंदणी शुल्क ५०० रुपये आहे. मुद्रांक शुल्क वेगळे.

कोकणात आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी. गणपतीला आणि मे महिन्यात मालकाचे कुटुंब मुंबईहून येते. तेव्हा घर रिकामे करायचे की दोन खोल्या सोडायच्या, हे करारात लिहून घ्या. ऐन चतुर्थीला सामान घेऊन कुठे जाणार? वडिलोपार्जित घराला अनेक हिस्सेदार असतात. म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहून करार नेमका कोणाशी होतोय, तेही तपासा.

पुढे जमीन घेता येईल?

शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. गावठाणातले घर किंवा बिगरशेती झालेला प्लॉट घेता येतो. प्लॉट घेतला तर बांधकाम ३ वर्षांत पुरे व्हायला हवे. ही ३ वर्षे प्लॉट घेतल्यापासून नाही, जुना फ्लॅट विकल्यापासून मोजतात. त्यातले एक वर्ष भाड्याच्या घरात गेलेले असते आणि कोकणात पावसाचे चार महिने बांधकाम जवळपास ठप्पच राहते.