लहान गाडीत मोठे इंजिन बसवता येते का?

छोट्या कारवर अनेक कुटुंबांचा रोजगार चालतो. कोणी बँकेचे कर्ज काढून टॅक्सी घेतलेली असते, कोणी जुनी गाडी विकत घेऊन घरच्या कामासाठी वापरत असते. अशा गाडीचे इंजिन थकले की गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: "भंगारातले मोठे इंजिन टाका, स्वस्तात पडेल आणि गाडीही पळेल." हा सल्ला ऐकण्यापूर्वी पुढील माहिती वाचा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 वाहनातील बदलांविषयी आहे. नोंदणी प्रमाणपत्रात, म्हणजे आरसीत, जे तपशील लिहिलेले असतात ते उत्पादक कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल गाडीत करता येत नाही. इंजिनाची क्षमता, म्हणजे सीसी, आणि सिलिंडरची संख्या हे असेच तपशील आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मधील निकालात हीच बाब स्पष्ट केली आहे.

उदाहरण पाहा. मारुती 800 चे इंजिन 796 सीसीचे आणि तीन सिलिंडरचे आहे. त्याच कंपनीच्या एस्टीम गाडीचे इंजिन 1298 सीसीचे आणि चार सिलिंडरचे. कंपनी एकच असली तरी हा बदल मूळ तपशिलाबाहेरचा ठरतो.

असा बदल केल्यास काय होते?

- कलम 182अ नुसार मालकाला 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिक्षा मालकाला होते. "मेकॅनिकने सांगितले" हे कारण चालत नाही.
- इंजिन क्रमांक आरसीशी जुळत नसेल, तर तपासणीत गाडी किंवा इंजिन चोरीचे असल्याचा संशय येऊ शकतो.
- टॅक्सीला ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी कारची 15 वर्षांनी नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणी होते. दोन्ही वेळी गाडी अडकते.
- अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. मग भरपाईचा भार तुमच्यावर येऊ शकतो आणि कर्जाचे हप्तेही थांबत नाहीत.

प्रश्न फक्त कागदाचा आहे का?

नाही. छोट्या गाडीचे ब्रेक, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, रेडिएटर आणि पुढचे सस्पेन्शन मूळ इंजिनाचे वजन व ताकद धरून बनवलेले असतात. मोठ्या इंजिनाने वेग वाढतो, पण ब्रेक जुनेच राहतात. पुढचा भाग जड झाल्याने वळणावर गाडी सांभाळणेही कठीण होते.

मग काय करता येईल?

1. आहे तेच इंजिन दुरुस्त करा. इंजिन क्रमांक बदलत नसल्याने आरसीत काहीही बदलावे लागत नाही.
2. त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन बसवा. त्यासाठी आधी आरटीओची परवानगी घ्या. काम झाल्यावर 14 दिवसांच्या आत कळवून आरसीत नवा इंजिन क्रमांक नोंदवून घ्या.
3. सीएनजी किंवा एलपीजी किट बसवा. इंधनाचा खर्च कमी करायचा असेल तर कायद्याने हा मार्ग मोकळा ठेवला आहे. किट तुमच्या मॉडेलसाठी मंजूर असावे आणि त्याची नोंद आरसीत झाली पाहिजे.

दिव्यांग व्यक्तीला चालवता यावी म्हणून गाडीत सोय करायची असेल, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार ठरवून दिलेल्या अटी पाळून बदल करता येतो आणि आरटीओची मंजुरी नंतर घेता येते. ही सवलत इंजिन मोठे करण्यासाठी नाही.

पैसे देण्यापूर्वी हे तपासा

- गाडीवर कर्ज असल्यास आरसीवर बँकेचा बोजा नोंदलेला असतो. बँकेची लेखी संमती घ्या.
- गाडी एखाद्या योजनेतून मिळाली असल्यास मंजुरीपत्रातील अटी वाचा.
- जुने इंजिन घेताना इंजिन क्रमांक लिहिलेले पक्के बिल आणि ते इंजिन ज्या गाडीतून काढले तिच्या आरसीची प्रत मागा. कागद मिळत नसतील तर ते इंजिन घेऊ नका.
- बदलाची माहिती विमा कंपनीला लेखी कळवा.

हा कायदा संपूर्ण देशासाठी एकच आहे. अर्जाचे नमुने मात्र राज्यानुसार वेगळे असू शकतात. तुम्ही सध्या इंदूर, सुरत किंवा बेळगाव येथे राहत असाल, तर बदलाची सूचना तुमच्या राहत्या भागातील आरटीओकडे द्यावी. अर्जाची सोय परिवहन विभागाच्या 'वाहन' संकेतस्थळावरही आहे.

क्रम लक्षात ठेवा: आधी परवानगी, मग काम, शेवटी आरसीत नोंद.