ट्रॅक्टर-ट्रॉलीचे मागील दिवे बंद पडल्यास काय करावे?

ऊसतोडणीच्या हंगामात बरीचशी वाहतूक रात्रीच होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे येते. पुढे चाललेली ट्रॉली वेळेवर दिसली नाही, तर तिच्या चालकाला ब्रेक दाबण्यास अवधीच मिळत नाही. म्हणून मागील तांबडा दिवा बंद पडल्यास त्याकडे किरकोळ बिघाड म्हणून पाहू नये.

लक्षणावरून दोष ओळखा

बहुतेक ट्रॅक्टरमध्ये मागील दिवे व डॅशबोर्डवरील मीटरचे दिवे एकाच स्विचवर, पुष्कळदा एकाच फ्यूजवर असतात. त्यामुळे हेडलाईट चालू असून हे दोन्ही एकदम बंद पडले, तर प्रथम फ्यूज पाहावा.

फक्त एकच मागील दिवा बंद असल्यास बल्ब, होल्डर किंवा अर्थिंगचा दोष असतो. ब्रेक दाबल्यावर दिवा लागतो, पण एरवी लागत नाही, असे असल्यास बल्बमधील लहान तार तुटलेली असण्याचा संभव अधिक. या १२ व्होल्टच्या बल्बमध्ये सामान्यतः ५ वॅट (मागील दिवा) व २१ वॅट (ब्रेक) अशा दोन तारा असतात.

ब्रेक दाबताच मागील दिवा मंद होतो किंवा इंडिकेटरबरोबर लुकलुकतो, याचा अर्थ अर्थिंग खराब आहे.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असल्यास

५ वॅटच्या बल्बला जेमतेम ०.४ अँपिअर प्रवाह लागतो. ट्रॅक्टर व ट्रॉलीचे मिळून चार दिवे दोन अँपिअरच्या आतच चालतात. म्हणजे फ्यूज उडतो तो दिव्यांच्या भाराने नव्हे, तर बहुधा शॉर्टसर्किटने. अशा वेळी पुढील क्रमाने तपासणी करावी :

१. स्विच बंद करून ट्रॉलीचा प्लग काढावा.

२. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या अँपिअरचाच नवा फ्यूज बसवून दिवे लावावेत.

३. फ्यूज टिकला तर दोष ट्रॉलीच्या वायरिंगमध्ये आहे. हूकजवळ, कमानपाट्यांजवळ व चॅसीच्या कडांवर वायर घासली आहे का, उंदरांनी कुरतडली आहे का, ते पाहावे.

४. फ्यूज पुन्हा उडाला तर दोष ट्रॅक्टरमध्ये आहे. तो जाणकार इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून घ्यावा.

फ्यूजऐवजी तांब्याची तार कधीही गुंडाळू नये. त्यामुळे फ्यूज वाचतो, पण वायर तापून तिचे आवरण जळते. शेजारी डिझेल आणि मागे वाळलेले पाचट असताना हा धोका पत्करण्याजोगा नाही.

अर्थिंगकडे लक्ष द्या

दिव्याकडून बॅटरीकडे प्रवाह लोखंडी सांगाड्यातून परततो. गंज, रंग किंवा चिखल मध्ये आला की ही वाट अडते. अर्थिंगचा बोल्ट काढून जागा पॉलिश पेपरने चकचकीत करावी व बोल्ट घट्ट आवळावा. ट्रॉलीची हूकपिन ग्रीसने माखलेली व सैल असते. तिच्यावर विसंबून न राहता प्लगमधून ट्रॉलीपर्यंत अर्थिंगची स्वतंत्र वायर घ्यावी.

रासायनिक खते वाहिल्यानंतर ट्रॉली धुऊन काढावी, कारण खतांच्या क्षारांमुळे जोड लवकर गंजतात. सॉकेटच्या पिना कोरड्या झाल्यावर त्यांना पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा.

निघण्यापूर्वी

दिवे लावून एकाने मागे उभे राहून ब्रेक व इंडिकेटरसह पाहणी करावी. उसाची लोंबणारी वाढी दिव्यावर येत असल्यास ती बांधावीत किंवा छाटावीत. जादा फ्यूज, दोन बल्ब व इन्सुलेशन टेप टूलबॉक्समध्ये ठेवावी. मागे तांबडे परावर्तक जरूर लावावेत. मात्र ते दुसऱ्याच्या दिव्याच्या उजेडातच चमकतात, म्हणून त्यांना दिव्याचा पर्याय समजू नये. वाटेत दिवे गेले आणि दुरुस्ती जमली नाही, तर ट्रॉली रस्त्याच्या पूर्ण बाजूला घेऊन उजाडेपर्यंत थांबावे. खेप उशिरा पोहोचली तरी चालेल, माणसे सुखरूप पोहोचली पाहिजेत.