न वाचता कळणारी पाटी

भोर तालुक्यातल्या एखाद्या गावातून सकाळची एसटी धरून साठी ओलांडलेली एक बाई स्वारगेटला उतरते, असे समजू. पिशवीत जुना केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट आणि भाकरीचा डबा. मधुमेहाच्या गोळ्या काल संपल्या आहेत. जायचे आहे ससून रुग्णालयात. मागच्या खेपेला मुलगा बरोबर होता. या वेळी त्याला रजा मिळालेली नाही. ‘मेट्रोने जा, पुणे स्टेशनला उतर, तिथून जवळ आहे,’ एवढे त्याने फोनवर सांगितले आहे. बाईंना वाचता येत नाही.

29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून हा प्रवास खरोखर सोपा झाला आहे, वाचता येणाऱ्याला. स्वारगेटहून मंडई, कसबा पेठ आणि तिसरे स्थानक जिल्हा न्यायालय. तिथे गाडी बदलायची. जांभळी मार्गिका जमिनीखाली, तर दुसरी, म्हणजे अ‍ॅक्वा मार्गिका, उंच पुलावर. म्हणजे भुयारातून कित्येक जिने वर चढायचे. वर पोचल्यावर एक गाडी वनाजकडे जाते, दुसरी रामवाडीकडे. रामवाडीची गाडी पकडली, तर मंगळवार पेठेनंतर पुणे रेल्वे स्थानक येते. चुकून वनाजची पकडली, तर बाई कोथरूडला. प्रवेशद्वार, तिकीट, जिना की लिफ्ट, गाडी कुठे बदलायची, कोणता फलाट, कोणत्या दाराने बाहेर: अर्ध्या तासाच्या प्रवासात असे किमान सहा निर्णय घ्यावे लागतात. सरकारी रुग्णालयात केसपेपर ठरावीक वेळेपर्यंतच निघतात. एक निर्णय चुकला, तर खेप फुकट जाते. पुढची खेप होईपर्यंत रक्तातली साखर मात्र थांबून राहत नाही.

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता 82.3 टक्के होती. म्हणजे साधारण सहा माणसांमागे एकाला वाचता येत नव्हते. त्यात पुण्यात कामाला आलेले ओडिया, बंगाली, तेलुगू वाचणारे मजूर धरलेले नाहीत. ते साक्षर आहेत, पण इथल्या पाटीपुढे निरक्षरच. चष्मा घरी विसरलेले आजोबा त्यांच्याच रांगेत. आणखीही एक गट आहे. मेंदूच्या मागच्या डाव्या भागाला पक्षाघाताने इजा झाली, तर काही रुग्णांची वाचनशक्तीच जाते. फ्रेंच डॉक्टर देजेरीन यांनी 1892 मध्ये अशा रुग्णाचे वर्णन केले. असा माणूस स्वतः चार ओळी लिहू शकतो, पण लिहिलेले त्याला वाचता येत नाही. मात्र बादली, छत्री, बस यांची चित्रे तो बहुधा ओळखतो. मेंदूत अक्षरांची वाट आणि वस्तूंची वाट वेगळी असते, याचाच हा पुरावा.

या सगळ्यांसाठी चित्रखुणा हव्यात. आपल्याला हे नवीन नाही. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातले जेमतेम 18 टक्के लोक साक्षर होते. तेव्हा बैलजोडी, झोपडी, पणती अशा चित्रांवर मतदान झाले आणि लोकांनी ते नीट निभावले. साठच्या दशकात कुटुंब नियोजनाचा उलटा लाल त्रिकोण आला. त्रिकोणात कुटुंब दिसत नाही की दवाखानाही नाही, तरीही भिंतीभिंतींवर, पुन्हा पुन्हा, एकाच आकारात दिसल्याने तो खेड्यापाड्यांत ओळखीचा झाला. मुंबईच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यावर वर्षानुवर्षे डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचे चित्र होते. गाडी फलाटाला लागतानाच ते ओळखू येई. 2020 मध्ये दादर-माहीम भागातल्या पादचारी सिग्नलवर पुरुषाऐवजी स्त्रीची आकृती आली, तेव्हा बातमी झाली. रस्ता ओलांडताना मात्र कुणी अडखळले नाही. ओळखीची वस्तू असेल किंवा सतत एकसारखी दिसत असेल, तर खूण लोकांच्या मनात बसते.

अडचण येते ती खूण काढणाऱ्याला जे उघड वाटते, ते पाहणाऱ्याला तसे वाटत नाही तेव्हा. वैद्यकशास्त्रात याचे एक भयंकर उदाहरण आहे. थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणी घेतले, तर बाळ हातापायांच्या गंभीर व्यंगासह जन्मू शकते. कुष्ठरोगाच्या एका त्रासदायक प्रतिक्रियेवर मात्र ते गुणकारी आहे. ब्राझीलमध्ये ते वापरताना पाकिटावर गरोदर स्त्रीची आकृती काढून तिच्यावर काट मारली होती. ‘गरोदर असाल तर घेऊ नका,’ हा अर्थ. काही स्त्रियांनी अर्थ लावला, ‘ही गोळी घेतली की गर्भ राहत नाही.’ वाचता न येणे एक वेळ परवडते, उलटे वाचणे परवडत नाही.

म्हणूनच चित्रखुणांच्या चाचणीचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. चाचणी साधी असते. खूण दाखवायची, ती कुठे लावलेली असेल हे सांगायचे आणि विचारायचे: ‘याचा अर्थ काय वाटतो?’ पर्याय द्यायचे नाहीत. पर्याय दिले की माणूस अंदाजाने बरोबर सांगतो आणि खूण उगाच उत्तीर्ण होते. उत्तरे बरोबर, चूक, अगदी उलट आणि माहीत नाही अशी वेगळी मोजायची. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या निकषात सुमारे दोन तृतीयांश लोकांना अर्थ कळणे अपेक्षित असते. धोक्याच्या खुणांसाठी अमेरिकी निकष अधिक कडक आहे: 85 टक्के बरोबर आणि घातक उलटा अर्थ लावणारे 5 टक्क्यांहून जास्त नकोत. किरणोत्सर्गाच्या धोक्याची 2007 मध्ये आलेली नवी खूण भारतासह 11 देशांतल्या 1,650 लोकांना दाखवून मगच पक्की केली गेली, कारण तीन पाकळ्यांची जुनी खूण सामान्य माणसाला काहीच सांगत नव्हती.

स्थानकात गेलेल्या बाईंना नेमके काय अडते? पहिली अडचण बाणाची. वर टोक असलेला बाण म्हणजे ‘सरळ पुढे जा’ की ‘जिन्याने वर जा’? जिल्हा न्यायालयासारख्या स्थानकात, जिथे खरोखर वर जायचे आहे, हा संभ्रम महागात पडतो. बाणाजवळ जिन्याच्या पायऱ्या आणि चढणारा माणूस काढला की तो बराच कमी होतो.

दुसरी अडचण लिफ्टची. चाकाच्या खुर्चीची जगप्रसिद्ध खूण 1968 मध्ये सुसान कोफोएड या डॅनिश विद्यार्थिनीने तयार केली. त्या आकृतीला डोके पुढच्या वर्षी बसवले गेले. खूण सर्वांना कळते, आणि तिथेच मेख आहे. लिफ्टवर फक्त तीच लावली, तर गुडघे दुखणारी, रक्तक्षय असलेली, हृदयाचे दुखणे असलेली माणसे ‘ही आपल्यासाठी नाही’ असे समजून जिना चढतात. खुर्चीशेजारी काठी घेतलेली म्हातारी व्यक्ती आणि पोटुशी बाई दाखवली, तर कित्येकांची धाप वाचेल.

तिसरी अडचण अतिसाधेपणाची. काडीची माणसे आखणाऱ्यांना आवडतात. पण सत्तरच्या दशकात नेपाळच्या खेड्यांत युनिसेफच्या सहभागाने झालेल्या पाहणीत छायाप्रकाश दाखवून काढलेली चित्रे लोकांनी सर्वांत जास्त ओळखली, तर फार सोपी केलेली चित्रे सर्वांत कमी. चित्र वाचणे हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. झगा घातलेली त्रिकोणी आकृती म्हणजे बाई, हे ठाऊक असलेल्यालाच ठाऊक असते. फेटा आणि पदर मात्र आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाहीत.

आता डोळ्यांचा हिशेब. तपासणीच्या तक्त्यावरची 6/6 ची ओळ वाचणारा निरोगी डोळा सहा मीटरवरून सुमारे 9 मिलिमीटर उंचीचे अक्षर ओळखतो. तोच डोळा 30 मीटरवरून साडेचार सेंटिमीटरची आकृती जेमतेम ओळखेल. मोतीबिंदूमुळे नजर 6/18 झाली असेल, तर आकृती तिप्पट, म्हणजे सुमारे 13 सेंटिमीटर हवी. आणि तीही अगदी काठावरची, म्हणून प्रत्यक्षात याहून बरीच मोठी. नुसती मोठी करूनही भागत नाही. आकृतीतल्या दोन पायांमधली फट अशा नजरेला 30 मीटरवरून दिसायची, तर ती किमान अडीच सेंटिमीटर असावी लागते. नाही तर चालणारा माणूस खांब दिसतो.

रंगाचेही तसेच. लाल-हिरव्या रंगांधत्वात जांभळा रंग निळ्यासारखा दिसतो. वयपरत्वे डोळ्यातले भिंग पिवळट होते आणि निळ्या-जांभळ्या छटा मंदावतात. म्हणून ‘जांभळ्या बाणामागे जा’ एवढ्यावर सगळ्यांचे भागणार नाही. प्रत्येक मार्गिकेला रंगाबरोबर एखादा आकारही हवा, आणि गडद पार्श्वभूमीवर ठळक पांढरी खूण हवी.

मेक्सिको सिटीने 1969 मध्ये मेट्रो सुरू करताना प्रत्येक स्थानकाला स्वतःचे चित्र दिले. लान्स वायमन या अमेरिकी आरेखकाने त्याची आखणी केली होती. चापुल्तेपेक, म्हणजे टोळाची टेकडी, म्हणून तिथे टोळ. नाव न वाचताही माणूस ‘टोळाला उतर’ असे सांगू शकतो. पुण्याकडे याची सामग्री तयार आहे. डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही स्थानके पुणेरी पगडीच्या धर्तीवर बांधलेली आहेत. मात्र दोन्हींना पगडीच दिली, तर घोटाळा होईल. मंडईला तिचा अष्टकोनी मनोरा, पुणे स्टेशनला आगगाडी. ही चित्रे तिकिटावर, फलाटावर, गाडीतल्या नकाशावर आणि बसथांब्यावर सारखीच असली, तर मुलाला फोनवर सांगता येईल: ‘आई, मनोरा मोजू नकोस, आगगाडी दिसली की उतर.’ रुग्णालयाजवळच्या थांब्यावर खाटेवरचा रुग्ण दाखवावा. लाल क्रॉस इथे नको. 1960 च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार ते संरक्षित चिन्ह आहे.

हे सगळे होईपर्यंत घरच्यांना एक गोष्ट करता येते. वाचता न येणाऱ्या माणसाला कागदावर नावे लिहून देण्याऐवजी खुणा काढून द्याव्यात: तीन टिंबे, मग वर जाणारा जिना, मग दोन टिंबे, मग आगगाडी. आकडा ओळखणारी बरीच माणसे अक्षर ओळखत नाहीत, म्हणून बसचा क्रमांक मोठा लिहावा. परतीचा कागद वेगळा करावा. तोच उलटा वाचायला सांगू नये.

आणि ज्यांच्या हाती पाट्या लावणे आहे, त्यांनी छपाईला देण्यापूर्वी एक सकाळ स्वारगेटच्या एसटी स्थानकावर घालवावी. नमुन्याची पाटी दहा पावलांवर धरावी. येणाऱ्या मावशींना चष्मा असला तर घालून, नसला तर तसेच, एवढेच विचारावे: ‘मावशी, यातून काय कळतंय?’ त्यांनी सांगितलेले जसेच्या तसे लिहून घ्यावे, मध्ये सुधारू नये. ज्या खुणेला दहापैकी चार मावश्या चुकतात, ती खूण परत आखणाऱ्याकडे जावी.