जुन्या वाद्याचें मोल आणि त्याची विक्री

वरळीच्या भूशिराच्या उत्तर टोंकाला, सतराव्या शतकांत इंग्रजांनीं बांधलेल्या किल्ल्याच्या कुशींत वरळी कोळीवाडा वसलेला आहे. मुंबईच्या इतर कोळीवाड्यांप्रमाणें येथेंहि हळद व लग्न या प्रसंगीं पितळी वाद्यांच्या बँडाला मोठा मान. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, युफोनियम हीं वाद्यें मूळचीं युरोपांतील. पलटणींच्या बँडांतून अशीं वाद्यें या देशांत रुळलीं आणि पुढें कोळी गीतांच्या चालींनाहि सरावलीं. अशा बँडांत आयुष्य काढलेल्या एखाद्या वादकाच्या पश्चात् त्याचें वाद्य घरच्या माळ्यावर पडून राहतें. पुढें घरांत शिक्षणाचा किंवा आजारपणाचा खर्च उभा राहिला, म्हणजे त्याची आठवण होते. मोडीचा व्यापारी तें तराजूंत घालून पितळेचा भाव सांगतो. पण घरच्यांच्या कानीं आलेलें असतें कीं, असलीं वाद्यें लाखांनीं विकलीं जातात. दोन्ही गोष्टी खऱ्या असूं शकतात. आपल्या हातांतील वाद्य या दोन टोंकांमध्यें कोठें बसतें हें आधीं ठरवावें लागतें. गिऱ्हाइकाचा शोध त्यानंतरचा.

पहिली गोष्ट नांवाची. वाद्याच्या कर्ण्यावर किंवा नळीवर कारखान्याचें नांव, गांव आणि अनुक्रमांक कोरलेला असतो. मीरत शहरांत 1885 सालीं निघालेल्या नादिर अली कंपनीनें तयार केलेलीं वाद्यें देशांतील बँडांना पिढ्यान्‌पिढ्या पुरविलीं आहेत. तीं वाजविण्यास उपयोगी असलीं, तरी परदेशी संग्राहकांना त्यांची ओढ कमी. विलायती नांवें वाचतांनाहि सावध असावें. बूझी आणि हॉक्स हे लंडनचे दोन निराळे कारखाने 1930 सालीं एक झाले. म्हणून दोन्ही नांवें जोडून कोरलेलें वाद्य त्यापूर्वींचें असूं शकत नाहीं. त्याच कारखान्याचें ‘इम्पीरियल’ हें क्लॅरिनेट कसलेल्या वादकांसाठीं, तर ‘रीजंट’ हें शिकाऊ विद्यार्थ्यांसाठीं असे. सेल्मर या पॅरिसच्या कारखान्यानें 1954 पासून सुमारें वीस वर्षें ‘मार्क सहा’ या नांवाचा सॅक्सोफोन काढला. आज चांगल्या स्थितींतील अशा सॅक्सोफोनला कित्येक लाख रुपये येतात. परंतु सेल्मर हेंच नांव अमेरिकेंत बनलेल्या स्वस्त शिकाऊ वाद्यांवरहि आढळतें. अनुक्रमांकावरून वाद्याचें साल काढण्याचे तक्ते आज सहज उपलब्ध आहेत. ते पाहिल्याशिवाय किमतीची भाषा करूं नये.

दुसरी गोष्ट स्वराची. वाद्य जितकें जुनें तितकें मोलाचें, असा सर्वसाधारण समज आहे. तो येथें फसवा ठरतो. आज जगभर ‘ए’ हा स्वर सेकंदाला 440 कंपनांवर लावतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रिटिश लष्करी बँडांत तोच स्वर सुमारें 452 कंपनांवर लावीत. म्हणजे त्या काळचें वाद्य आजच्या वाद्यांपेक्षां अर्धस्वराच्या जवळजवळ निम्म्यानें चढें बोलतें. ट्रम्पेटसारख्या वाद्याची नळी लांबवून हा फरक पुष्कळसा भरून काढतां येतो. क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोन यांचीं छिद्रें मात्र ठराविक अंतरांवर पाडलेलीं असतात. सांधा ओढून लांबी वाढविली, तर एक स्वर जुळतो आणि दुसरे बिघडतात. असें वाद्य कितीहि सुबक असलें तरी आजच्या वादकाच्या कामाचें नसतें. जुन्या अमेरिकन सॅक्सोफोनवर ‘हाय पिच’ किंवा ‘लो पिच’ असा शिक्का, निदान त्याचीं आद्याक्षरें, पुष्कळदां सांपडतात. तीं शोधून पाहावींत.

तिसरी गोष्ट स्थितीची, आणि येथेंच घरचीं माणसें सद्‌हेतूनें मोठें नुकसान करून घेतात. विकायचें म्हणून वाद्य चिंच-मिठानें किंवा पॉलिशनें घासून लखलखीत करतात, नाहींतर नवा मुलामा देतात. पितळेवरील कारखान्याचा मूळ लेप हा जाणत्या गिऱ्हाइकाला पुराव्यासारखा वाटतो. तो विटलेला असला तरी चालतो, पण काढून नवा दिलेला असेल तर किंमत घसरते. घासण्यानें कोरीव अक्षरेंहि झिजतात. कोळीवाड्याला समुद्राच्या खाऱ्या हवेचा आणखी एक धोका आहे. तांबें व जस्त मिळून पितळ होतें. क्षार व ओलावा यांमुळें त्यांतील जस्त निघून जातें आणि पोकळ, ठिसूळ तांबें मागें उरतें. नळीवर दिसणारे तांबूस-गुलाबी ठिपके हें त्याचें लक्षण. ते घासून जात नाहींत. म्हणून कोरड्या मऊ फडक्यानें धूळ पुसावी, वाद्य कोरड्या जागीं ठेवावें आणि दुरुस्ती किमतीचा अंदाज मिळाल्यावरच करावी. जुनी पेटी, मुखनळी, पावत्या यांपैकीं कांहींहि टाकूं नये. चांगली जुनी मुखनळी स्वतंत्रपणेंहि विकली जाते.

वाद्य कोणीं वाजविलें, याचीहि किंमत होते. मात्र त्याला पुरावा लागतो. अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यानें 1953 सालीं टोरोंटो येथील मैफलींत वाजविलेला सॅक्सोफोन पितळेचा नसून चक्क प्लॅस्टिकचा होता. 1994 सालीं लंडनमध्यें त्याचा लिलाव झाला तेव्हां त्याला 93,500 पौंड आले. कोळीवाड्यांतील वादकाचें नांव तितकें दूरवर पोंचलें नसेल. तरी वाद्यासह काढलेलें छायाचित्र, बँडाची जुनी निमंत्रणपत्रिका किंवा ध्वनिमुद्रणाचा दाखला असेल, तर तो वाद्याबरोबर ठेवावा.

इतकें समजल्यावर विक्रीची वाट निवडणें सोपें जातें. वाद्यांच्या दुकानदाराला थेट विकल्यास पैसे तत्काळ मिळतात, परंतु कमी. कारण दुरुस्तीचा खर्च, पडून राहण्याची जोखीम आणि नफा त्यालाच काढावयाचा असतो. तेंच वाद्य त्याच्याकडे दलालीवर ठेवल्यास रक्कम अधिक येते, पण केव्हां तें सांगतां येत नाहीं. अशा वेळीं अनुक्रमांक, किमान किंमत, दलालीचें प्रमाण व मुदत हीं लेखी घ्यावींत. लिलाव हा दुर्मिळ किंवा नामांकित वाद्यासाठींच योग्य. त्यांत दोन्ही बाजूंनीं दलाली कापली जाते, आणि राखीव किंमत ठरविली नसेल तर वाद्य कवडीमोलानेंहि जाऊं शकतें. वाजण्याजोग्या चांगल्या वाद्याला सर्वांत उत्तम मोबदला बहुधा वादकाकडूनच मिळतो, कारण मधला नफा वांचतो. त्यासाठीं एखाद्या जाणकार कारागिराकडून स्थिति तपासून घ्यावी. हा कारागीर स्वतः खरेदीदार नसावा, म्हणजे त्याचें मत निःपक्ष राहील. गिऱ्हाईक दोघां-तिघांहून कमी नसावें, आणि वाद्य वाजवून पाहण्यासाठीं नेऊं द्यावयाचें तर ठेव घेऊन, पावती करूनच द्यावें.

परदेशीं विकण्याचा मोह झाल्यास कायदा पाहिला पाहिजे. शंभर वर्षें पूर्ण झालेली कलाकुसरीची वस्तु 1972 च्या कायद्यान्वयें पुरावस्तु ठरूं शकते, आणि पुरावस्तु खाजगी व्यक्तीला देशाबाहेर धाडतां येत नाहीं. शंकेच्या प्रसंगीं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचा दाखला घ्यावा. जुन्या लाकडी वाद्यांवर क्वचित् हस्तिदंती कडीं असतात. हस्तिदंताचा व्यापार तर देशांतहि निषिद्ध आहे.

शेवटची बाब घरांतली, पण तंट्याचें मूळ बहुधा तेथेंच असतें. वडिलांचें वाद्य हें सर्व वारसांचें. बँडाच्या वर्गणींतून घेतलेलें असेल तर तें सर्व भागीदारांचें. एका भावानें घाईनें विकलें आणि पुढें खरी किंमत कळली, म्हणजे वाद्यहि जातें आणि नातेंहि दुरावतें. म्हणून अंदाज काढतांना सर्वांनीं हजर असावें, किमान किंमत एकमतानें ठरवावी आणि विक्रीच्या कागदावर सर्वांच्या सह्या असाव्यात. वाद्य नव्या वादकाच्या हातीं देतांना तें कोणीं, कोणत्या बँडांत, किती वर्षें वाजविलें याची टिपणीहि पेटींत ठेवावी. पुढील खरेदीदाराला ती उपयोगी पडेल, आणि जुन्या वादकाचें नांवहि त्याच्या वाद्यासोबत राहील.